वहीत लिहिलेलं होतं

पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा एकच गोष्ट शोधत होतो: रक्कम. 'मंडळीच्या सेवकांसाठी ग्रामविकास प्रशिक्षण, पाच टप्पे, निवासी, जून २०२२ ते एप्रिल २०२३'. जेवणाची सोय होती, एस.टी.चं भाडं मिळणार होतं. गावासाठी किती मिळणार, याचा कुठे पत्ताच नव्हता. मी बायकोला म्हणालो, "नुसतंच शिकवणार आहेत." ती म्हणाली, "जाऊन या. पाच दिवस घर तरी शांत राहील."

मी पाळक आहे, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा, चर्चचा धर्मगुरू. नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या शिवेवर माझी मंडळी आहे, मूळची अमेरिकन मराठी मिशनची. हे मिशन मुंबईत आलं १८१३ मध्ये, नगरला ठाणं झालं १८३१ मध्ये; आमच्या गावात देऊळ उभं राहिलं ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, दुष्काळ होऊन गेल्यावर. आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. आमचे पणजोबा-खापरपणजोबा महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले, त्यामुळे देऊळही तिथेच, गावाचा उतार संपतो त्या टोकाला. गावभराचं सांडपाणी येऊन साचतं तेही नेमकं तिथेच. फाटकासमोर त्या पाण्यात तीन विटा टाकलेल्या होत्या. दर रविवारी त्या विटांवरून पाय टाकत मी उपासनेला जायचो, माझ्यामागून शुभ्र साड्या सावरत बायका यायच्या, आणि आत जाऊन आम्ही रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायचो. पाण्याबद्दल कोणी बोलत नसे. ते आमच्याआधीपासूनच तिथे होतं.

मला प्रकल्पांचा अनुभव नव्हता असं नाही. आधीच्या काळात बालवाडी होती, शिलाई मशीन होत्या, एकदा अठरा शेळ्या आल्या होत्या. सगळं बाहेरून यायचं आणि बाहेरचं पाकीट थांबलं की थांबायचं. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा आणखी कडक झाला. एका संस्थेने आलेले पैसे दुसऱ्या संस्थेला द्यायचे नाहीत, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच पाहिजे, प्रशासनाचा खर्च वीस टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. आमच्यासारख्या टोकाच्या मंडळीपर्यंत जे काही झिरपत होतं ते तिथेच अडलं. शेळ्या तर त्याआधीच संपल्या होत्या. नऊ मेल्या, सहा विकल्या, आणि तिघींचं काय झालं ते नाताळच्या जेवणाला विचारू नये.

पहिल्या टप्प्याला आम्ही तेवीस जण होतो. पाळक, सुवार्ता सांगत फिरणारे सुवार्तिक, घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या दोन बायबल स्त्रिया, एका मिशन दवाखान्यात प्रार्थना घेणारे वयस्कर गृहस्थ, आणि गिटार घेऊन आलेला एक तरुण. हा तरुण नव्या धर्तीच्या प्रार्थना मंडळीचा होता, आणि त्याची खाट माझ्या खाटेशेजारी. पहाटे चारला तो इतक्या मोठ्याने प्रार्थना करायचा की पहिल्या दिवशी मला वाटलं कोणी आजारी पडलं. आमच्यासारख्या जुन्या मंडळ्यांचे लोक आणि हे नवे लोक एरवी एकमेकांच्या लग्नातसुद्धा अंग चोरून बसतात. इथे पाच दिवस एकाच बादलीत आंघोळ करायची होती.

शिकवणाऱ्या ताई वऱ्हाडातल्या. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही लोकांना काय म्हणता? मंडळीतल्या लोकांना?" आम्ही म्हणालो, मंडळी म्हणतो, विश्वासणारे म्हणतो. एकाने सांगितलं, कळप. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मेंढपाळ, आणि ते मेंढरं. बरं. मग मेंढराने ग्रामसभेत हात वर केलेला कोणी पाहिलाय का?"

कोणी हसलं, कोणी नाही. मला राग आला. चार वर्षं बी.डी. केलं, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी घेतली, ग्रीक शिकलो, उपदेशाची मांडणी कशी करायची ते शिकलो, आणि ही बाई मेंढरांवर बोलतेय. पण रात्री आठवून पाहिलं, तर ग्रामसभेत हात वर केलेलं आमच्यातलं एकही माणूस डोळ्यांसमोर येईना. मी स्वतःही नाही. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. मी फक्त पंधरा ऑगस्टला जायचो, झेंड्यासाठी, आणि जिलेबी घेऊन परत यायचो.

त्या टप्प्याचा गृहपाठ ऐकून आम्ही सगळे हादरलो. गावात परत जायचं आणि दहा संध्याकाळी नुसतं फिरायचं. बैठक बोलवायची नाही, उपदेश करायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. कोणी प्रार्थना करा म्हणालं तर करायची, पण आपणहून नाही. आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं, त्या माणसाच्याच शब्दांत. "शुद्ध करून लिहू नका," ताई म्हणाल्या. "तुम्हाला कळलं नाही तरी लिहा. न कळलेलं तर नक्कीच लिहा."

दोनशे पानी वही घेतली आणि निघालो. पाळक हातात वही घेऊन फिरतोय म्हटल्यावर गावात जे व्हायचं ते झालं. पहिल्या संध्याकाळी तिघांनी आधार कार्डाच्या झेरॉक्स आणून दिल्या, घरकुलाची यादी चाललीय असं समजून. दुसऱ्या दिवशी पारावरच्या पोरांनी विचारलं, "पाळकसाहेब, धर्मांतराचं काय चाललंय का?" मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलं नाही, आणि त्यांच्या जागी असतो तर मलाही पटलं नसतं. कारण आजवर मी त्या पारावर कामाशिवाय कधी बसलोच नव्हतो. सरपंचांनी सरळ विचारलं, "किती आलेत?" मी म्हणालो, काही नाही आले. ते म्हणाले, "मग फिरता कशाला?"

गप्प बसणं किती अवघड असतं ते सांगतो. एका घरी सासू-सुनेचं चाललं होतं. माझ्या जिभेवर वचन तयार होतं, अध्याय-ओवीसकट. मी पाणी प्यायलो. पुन्हा पाणी प्यायलो. तिसऱ्या तांब्याला सुनेनेच विचारलं, "पाळकसाहेब, तब्येत बरी नाही का?"

पाचव्या की सहाव्या संध्याकाळी आमच्या मंडळीतल्या एक आजी भेटल्या. मी इथे त्यांना खडीआजी म्हणतो, कारण त्यांच्या बोलण्यात खडी आल्याशिवाय राहत नाही. १९७२ च्या दुष्काळात त्या चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या, आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. सुकडीची चव अजून सांगतात. नंतर नालाबांध, पाझर तलाव, विहिरींचं काम, आयुष्यभर माती उपसत आल्या. त्या दिवशी त्या देवळाच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पाण्याकडे पाहत बरंच काही बोलल्या. मी लिहून घेतलं. त्यातलं एक वाक्य असं: "हितं देवळाम्होरं पुरुसभर काळी हाय. मुरूम लागायचा तो पिंपळाकडं." मला त्याचा अर्थ लागला नाही. वहीत लिहिलं, पान उलटलं.

दुसऱ्या टप्प्यात आम्हाला जामखेडला नेलं. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नगर जिल्ह्यात जन्म काढून मी तिथे कधी गेलो नव्हतो. आरोळे डॉक्टरांचं नाव घरात ऐकलेलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९६२ ते १९६६ आमच्या नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. माझी थोरली बहीण तिथलीच, १९६५ ची. आई सांगायची, डॉक्टरीणबाईंचे हात फार हलके. वडाळ्यात त्यांच्या लक्षात आलं की तेच रुग्ण त्याच आजाराने परत परत येतात. दवाखान्यात बरं करायचं आणि पुन्हा त्याच पाण्यात पाठवायचं. ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे औषध मागितलंच नाही. दुष्काळ तोंडावर होता, लोकांनी अन्न आणि पाणी मागितलं. मग डॉक्टरांनी सुरुवात तिथूनच केली.

पाण्यासाठी बोअर घ्यायचे ठरले तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील असं त्यांनी पाहिलं. ज्यांना विहिरीवर चढू देत नव्हते त्यांच्या दारात पाणी आलं, आणि ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या ते हंडे घेऊन वस्तीत आले. भाषण नाही, मोर्चा नाही. गावातल्या पुरुषांना एकत्र आणायला डॉक्टर व्हॉलीबॉल खेळायला लावायचे. चेंडू कोणाच्या हातून आला हे बघत बसलं तर खेळ होत नाही. खेळून झाल्यावर गप्पा, आणि त्या गप्पांतून पुढे शेतकरी मंडळं झाली.

मग ग्राम आरोग्य सेविका. गावाने आपल्यातलीच एक बाई निवडायची. बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, बऱ्याच जणी दलित. त्या केंद्रावर शिकायला यायच्या, रात्री तिथेच झोपायच्या. जातीमुळे अंथरुणं वेगळी पडायला लागली तेव्हा सगळ्यांसाठी मिळून एकच मोठी वाकळ आणली. एका वाकळीत झोपायचं तर विटाळ कुठून कुठवर धरणार? १९७१ मध्ये त्या भागात हजार जन्मांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत जात होती. वीस-बावीस वर्षांत तो आकडा तिशीच्या खाली आला, आणि तो आणला कोणी, तर या बायकांनी. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं.

आम्हाला तिथल्या एका सेविकेने दिवसभर शिकवलं. सत्तरीच्या घरातली बाई, नऊवारी, हातात काठी. मीठ-साखर-पाण्याचं कसं करायचं ते तिने आम्हा बी.डी., एम.डिव्ह. झालेल्यांकडून तीनदा म्हणून घेतलं. गिटारवाल्या तरुणाने विचारलं, "मावशी, तुम्ही लोकांना ख्रिस्ताबद्दल सांगता का?" ती म्हणाली, "मी हिंदू हाय. मला डॉक्टरांनी कधी इचारलं न्हाई." त्या रात्री खोलीत चांगलीच खडाजंगी झाली. तरुणाचं म्हणणं, मग यात मंडळीचं काय राहिलं? बायबल स्त्रियांपैकी एक, जी एरवी फारसं बोलत नसे, म्हणाली, "येशूकडे दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला. बाकी नऊ जणांचा रोग काही परत आला नाही." हा वाद आमच्यात शेवटच्या टप्प्यापर्यंत मिटला नाही. तो मिटावा असं मलाही वाटत नाही. पण पहाटे चारची प्रार्थना मात्र जामखेडपासून हळू आवाजात होऊ लागली.

गावात परतल्यावर बैठक घ्यायची परवानगी मिळाली. देवळासमोरच्या कोरड्या जागेत रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, आणि खडू-रांगोळी आपल्या हातात ठेवायची नाही. बायकांनी नकाशा काढला. मी काढला असता तर देवळापासून सुरुवात केली असती. त्यांनी पाण्याच्या नळापासून केली. मग ज्याला चपाती आकृती म्हणतात ते केलं. कागदाचे लहानमोठे गोल कापायचे. गावाला ज्याचा उपयोग जास्त त्याचा गोल मोठा, जे लोकांच्या जवळचं ते नकाशात जवळ ठेवायचं. पिठाची गिरणी मोठी आणि अगदी मधोमध आली. दूध डेअरी, अंगणवाडीताई, बचत गट जवळ. सगळं झाल्यावर कोणीतरी म्हणालं, देऊळ राहिलं की. एक मध्यम गोल घेतला, थोडा विचार केला, आणि सोसायटीच्या शेजारी ठेवला. मी न राहवून विचारलं, विविध कार्यकारी सोसायटीशेजारी का? उत्तर आलं, "दोन्हीकडं सहीलाच जावं लागतं."

ऋतुचक्राची आकृती त्याहून बोचली. बारा महिने आखायचे आणि बियांच्या ढिगांनी दाखवायचं, पैसा कधी येतो, कधी जातो, आजारपण कधी. जूनमध्ये पैशाच्या घरात एकही बी नव्हती. बियाणं, वह्या-पुस्तकं, गळकं छप्पर, सगळा खर्च तेव्हाच. आमच्या मंडळीची वार्षिक वर्गणी आम्ही जूनमध्ये गोळा करतो. का, तर आधीच्या पाळकांनी तशी करायची ठेवली होती. एकवीस वर्षं मी व्यासपीठावरून थकबाकीदारांची नावं जून-जुलैत वाचत आलोय. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीसमोर तो कागद ठेवला आणि दहा मिनिटांत वर्गणी फेब्रुवारीवर गेली. इतक्या लवकर आमच्या कमिटीने दुसरा कुठलाही निर्णय घेतल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या टप्प्यात बायबलमधला नहेम्या. त्याने यरुशलेमेचा तट बांधायला घेतल्याची गोष्ट मी कितीदा सांगितली असेन. पण नेहमी पहिला अध्याय, दुसरा अध्याय, प्रार्थना आणि राजाचा प्याला. तिसरा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी, तो मी ओलांडायचो. ताईंनी तोच वाचायला लावला. कोणी कोणता दरवाजा बांधला, कोणी आपल्या घरासमोरचा तुकडा. सोनार आहेत, अत्तरवाले आहेत, एक माणूस आपल्या मुलींना घेऊन आलाय. तकोवा गावच्या बड्या लोकांनी मात्र मान वाकवली नाही, तेही नोंदवलंय. "ही हजेरीपट आहे," ताई म्हणाल्या. "आणि यात नहेम्याने स्वतः एक दगड ठेवल्याची नोंद या अध्यायात कुठे आहे ती दाखवा." आम्ही शोधली. सापडली नाही.

गृहपाठ: लोकांनी निवडलेलं एक काम, चाळीस दिवसांत, बाहेरच्या पैशाशिवाय.

मला शिलाई वर्ग पाहिजे होता. लोकांनी फाटकासमोरचं पाणी निवडलं. उपाय शोषखड्ड्याचा, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास घालवल्याचं आमच्या ग्रामसेवकांनी सांगितलं होतं. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी. भोवती खाली मोठे दगड, त्यावर लहान, मग खडी. पाणी टाकीत येतं, गाळ तळाला बसतो, पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत. साधं काम.

कुठे खणायचं यावर बैठक झाली. इथे मी चुकलो, आणि कसा चुकलो ते नेमकं सांगतो. खडीआजी मागच्या रांगेतून म्हणाल्या, "तिथं नगं." मी म्हणालो, "आजी, एक मिनिट." आणि मग बोलत राहिलो. की पाणी फाटकासमोर साचतं म्हणून खड्डा फाटकासमोरच हवा, की देवळापासून सुरुवात झाली तर साक्ष होईल, की नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात प्रत्येकाने आपापल्या घरासमोर बांधलं. नुकतंच शिकून आलो होतो ना. आजींचं ते एक मिनिट आलंच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडळीच्या माना कशा डोलतात ते व्यासपीठावरून छान दिसतं, म्हणून ते खरं वाटतं.

नोव्हेंबरात तरुणांनी तीन दिवसांत खड्डा केला. टाकी एका घरी पडून होती, दगड ओढ्यातून आणले, शंभराच्या पाच नोटांत काम झालं. नारळाऐवजी प्रार्थना करून नळाचं पाणी सोडलं. पहिल्या दिवशी जिरलं. तिसऱ्या दिवशी हळू झालं. आठव्या दिवशी खड्डा काठोकाठ, आणि दहाव्या दिवशी तो उलटून वाहू लागला. आधी नुसतं पाणी होतं, आता चार फूट खोल सडकं पाणी झालं, आणि वास असा की खिडक्या लावून उपासना. विटा तीन होत्या त्या सात झाल्या. नाताळ तीन आठवड्यांवर. पारावरची पोरं म्हणायची, "पाळकसाहेब, पोहायला कधी बोलवताय?"

मी ताईंना फोन केला. वाटलं इंजिनियरचा नंबर देतील. त्यांनी विचारलं, "वही भरली होती ना? वाचलीत का परत?"

वाचली नव्हती. लिहिण्याचा गृहपाठ होता, वाचण्याचा कोणी सांगितला नव्हता. रात्री जेवण झाल्यावर वही काढली. एकशे बारा पानं लिहिलेली. सासू-सून, बैलाचा पाय, रेशनचा अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलेला म्हातारा, आणि मग माझ्याच अक्षरात: हितं देवळाम्होरं पुरुसभर काळी हाय. मुरूम लागायचा तो पिंपळाकडं.

काळी माती पाणी पिते आणि फुगते. फुगली की तिची भेग न भेग मिटते आणि पुढचं पाणी वरच राहतं. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत आहे. खड्डा काळीत केला तर तळ नसलेलं मडकं नव्हे, मडकंच होतं. मुरमापर्यंत पोचलं तरच पाणी जिरणार. आजी नुसत्या आठवणी सांगत नव्हत्या, त्या मला जागा सांगत होत्या. जुलैमध्येच.

सकाळी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची कशी ते पाळकाला येत नाही. आम्ही ती सगळ्यांची मिळून मागतो. मी म्हणालो, "आजी, चुकलं." त्या म्हणाल्या, "बसा. च्या घेता का?" मग काठी घेऊन निघाल्या. पिंपळाकडे जाताना दोनदा थांबल्या, टाचेने जमीन दाबून पाहिली, आणि एका ठिकाणी काठी रोवली. फाटकापासून साधारण साठ फूट. "हितं दोन फुटावर लागंल." अडीचवर लागला. त्यावरूनही त्या जराशा नाराज झाल्या.

पहिला खड्डा बुजवला, फाटकापासून पिंपळापर्यंत पाइप टाकला. नवी जागा गावकीची असल्यामुळे ग्रामपंचायतीला विचारावं लागलं आणि त्यामुळे आमची माणसं पहिल्यांदा पंचायतीच्या कचेरीत काहीतरी मागायला नव्हे, काहीतरी करतोय हे सांगायला गेली. सरपंच स्वतः बघायला आले. नाताळच्या पहाटे फाटकासमोर ओल होती, पाणी नव्हतं. विटा काढल्या तेव्हा त्यांच्याखालून दोन खेकडे निघाले.

जानेवारीचा टप्पा हक्कांवर होता, त्याबद्दल थोडक्यात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंनाच होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर. महाराष्ट्रात आम्ही इतर मागासवर्गात येतो. हे मला माहीत होतं, पण त्या दाखल्यासाठी कोणते कागद लागतात, कुठे अर्ज करायचा, नाकारला तर पुढे काय, हे माझ्या मंडळीतल्या एकाही मुलाला मी कधी सांगितलं नव्हतं. गाऱ्हाणं मात्र दर वर्षी प्रार्थनेत मांडत होतो. त्या टप्प्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी देवळात कागदपत्रांचा दिवस असतो. बारावी झालेली एक मुलगी अर्ज भरून देते. गर्दी रविवारपेक्षा जास्त असते, हे मी वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात लिहिलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या टप्प्यात प्रत्येकाने आपल्या गावचं काम मांडायचं होतं, आणि सोबत गावातलं एक माणूस आणायचं होतं. मी खडीआजींना नेलं. त्या एस.टी.त खिडकीशी बसल्या, आणि रस्त्याच्या कडेला ढिगारे दिसले की खडी कुठल्या खाणीतली ते सांगत राहिल्या. बरोबर भाकरी बांधून घेतली होती, तिथलं जेवण बरं असतं असं सांगूनही.

माझी पाळी आली. चार्ट केले होते: नकाशा, चपाती आकृती, ऋतुचक्र, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. फसलेल्या खड्ड्याचंही प्रामाणिकपणे सांगितलं. जरा जास्तच रंगवून सांगितलं असेल, लोक हसत होते आणि मला हसू आवडतं. शेवटी म्हणालो, "तर आजवर आमच्या गावात असे सात शोषखड्डे पूर्ण झाले आहेत."

मागून आवाज आला, "नऊ."

मी म्हणालो, "आजी, सात. माझ्याकडे यादी आहे."

"नऊ हायत," त्या म्हणाल्या. "दोन वरच्या आळीत केले, मागल्या पंधरवड्यात. तुम्हाला कशाला सांगायचं, त्यास्नी जागा दाखवायची व्हती, ती म्या दाखवली."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून पेन काढलं, चार्टवरचा सात खोडला आणि नऊ केला.